पदवी मोठी, खुर्ची लहान

"एवढं शिकून मी हेच करायचं का?" हा प्रश्न कामावर बसल्या बसल्या तुम्हालाही कधीतरी पडला असेल. आपल्याला वाटतं, हे आपल्याच पिढीचं दुखणं. पण नाही, ते चांगलं दीडशे वर्षांचं जुनं आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं. पदवीधर मोजकेच होते, तरी त्यांच्यापुढे मुख्य वाट सरकारी नोकरीची, आणि तिथल्या वरच्या खुर्च्या इंग्रजांकडे. विष्णुशास्त्री चिपळूणकर बी. ए. होऊन सरकारी शाळेत मास्तर झाले. मन काही रमेना. पण त्यांनी लगेच राजीनामा फेकला नाही बरं का! १८७४ पासून नोकरी सांभाळून त्यांनी 'निबंधमाला' चालवली. रत्नागिरीला बदली झाली, आणि १८७९ मध्ये नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी टिळकांच्या साथीनं पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं.

आता शंभरेक वर्षं पुढे येऊ. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. शाखा वाढल्या, नोकरी पक्की झाली. काम मात्र लेजर भरायचं. पण पक्की नोकरी सोडणार कोण? मग उरलेली धग संध्याकाळी बाहेर पडायची. कुणी युनियनमध्ये, कुणी नाटकात. जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेले अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात क्लार्क होते. अशोक सराफ स्टेट बँकेत होते.

आणि आज? २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात शिपायाच्या ३६८ जागा निघाल्या. अट होती पाचवी पास आणि सायकल चालवता येणं. अर्ज आले २३ लाख, त्यात अडीचशेहून जास्त पीएच.डी.वाले!

साहेब लोक म्हणतात, "या पिढीत चिकाटीच नाही." मला हे पटत नाही. आजच्या कित्येकांची नोकरी कंत्राटी, आणि संध्याकाळ लोकलच्या गर्दीत जाते. धग बाहेर काढायला जागाच नाही, म्हणून ती ऑफिसातच दिसते. जादा काम टाळलं जातं, टेबलाखाली मोबाईलवर दुसरी नोकरी शोधली जाते. स्वभाव तोच आहे, सोय गेली.

तेव्हा राजीनामा टाइप करण्याआधी एकदा विचारा, माझी 'निबंधमाला' कुठली? चिपळूणकरांनी ती पाच वर्षं आधी सुरू केली होती. आणि तुम्ही साहेब असाल, तर माणसांना संध्याकाळी वेळेवर घरी सोडा.

भेटू पुढच्या भागात!