चुलीपुढची पाळी

गिरणीचा इतिहास सांगणारे पुष्कळ भेटतात. कामाचे तास कायद्याने कसे उतरत गेले हे तर आमच्यासारख्या युनियनवाल्याला तोंडपाठच असते. १८९१ च्या कायद्याने गिरणीतल्या स्त्रियांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली, १९२२ साली आठवड्याचे साठ तास ठरले, १९४८ साली अठ्ठेचाळीस. परंतु गिरणीतून सुटून खोलीवर आलेल्या बाईची जी दुसरी पाळी चुलीपुढे सुरू होई, तिची नोंद कोणत्याच मस्टरवर सापडत नाही. तिला ना भोंगा, ना सुट्टी. म्हणून आज आम्ही चुलीचा इतिहास सांगायला उभे आहो. हल्ली पुष्कळ घरांत दिसणारी, उचलून कुठेही नेता येणारी इंडक्शनची शेगडी हे त्या इतिहासाचे आजचे टोक आहे.

गिरणगावातली खोली म्हणजे दहा बाय बाराचा संसार. त्यातच न्हाणी, त्यातच अंथरूण, आणि कोपऱ्यात कोळशाची शेगडी. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार जेवायला खाणावळीत जात. ती खाणावळ म्हणजे अशीच एखादी खोली आणि तिच्यात धूर गिळत भाकऱ्या बडवणारी एक बाई. संपाच्या दिवसांत ह्या बायांनी उधारीवर जेवू घातले नसते तर आमचे कितीतरी संप आठवडाभरही टिकले नसते. सभांतल्या भाषणांत मात्र त्यांचे नाव क्वचित येई. प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि ह्या बायांना सावकाराऐवजी बँकेच्या दारात नेऊन उभे केले. आमच्या मते कामगार चळवळीच्या इतिहासात ह्या घटनेला मोठ्या संपाइतकीच जागा द्यायला हवी.

कोळशानंतर स्टोव्ह आला. स्वीडनमध्ये १८९२ साली लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने रॉकेलचा, काजळी न धरणारा स्टोव्ह बनवला. प्रायमस ह्या नावाने तो जगभर पसरला. पंप मारायचा, पिन घालायची, निळी ज्योत फरफरू लागली की चहा टाकायचा. धुरापासून सुटका झाली हे खरे. पण ह्याच स्टोव्हच्या नावावर पुढे किती मरणे खपवली गेली! ‘स्टोव्हचा भडका उडाला’ एवढ्या एका वाक्यात सून जळाल्याचे प्रकरण मिटवायचे, असा काळ आपण पाहिला. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा १९८३ साली तत्कालीन दंडविधानात ४९८-अ हे कलम आले आणि १९८६ साली हुंडाबळीचे. चुलीचा इतिहास सांगताना हे वगळणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते.

गॅस मुंबईत १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने आणला. लोक त्याला बर्शेनच म्हणत. चाळीत तो पोचायला मात्र कितीतरी वर्षे लागली. नंबर लावून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत बसली.

आता विजेच्या शेगडीकडे येऊ. पण तिची हकीकत लंडनच्या एका बुकबाइंडरापासून सुरू होते. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधता बांधता तो ती वाचू लागला. १८१२ साली हम्फ्री डेव्हीची जाहीर व्याख्याने ऐकायला तो, आपण जसे येथे बसला आहात तसाच, श्रोत्यांत बसला, टिपणे काढली, ती स्वतः बांधली आणि डेव्हीला पाठवली. पुढच्याच वर्षी त्याला प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. शाळा अर्धवट सुटलेल्या आम्हा लोकांना हा माणूस जवळचा वाटतो, ह्यात नवल ते काय? १८३१ साली त्याने दाखवून दिले की चुंबकत्व बदलत राहिले की जवळच्या तारेत, तिला स्पर्श न करताही, वीज उत्पन्न होते.

ह्याच नियमावर फिरणाऱ्या जनित्रांची वीज १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांत आली. मालकाच्या साच्यांना ती तेव्हा मिळाली. त्याच साच्यावर काम करणाऱ्याच्या घरच्या चुलीला मिळायला जवळजवळ शतक गेले. ह्याला शास्त्रातलेही कारण आहे. शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि त्यातला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा उलटसुलट व्हावा लागतो. एवढी वीज इतक्या झपाट्याने उघडझाप करणारे सुटे भाग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच हाती आले. अमेरिकेत १९७० नंतर अशा शेगड्या विक्रीला निघाल्या. वेटोळ्यामुळे भांड्याच्या बुडातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि बूडच तापते. काच तापते ती भांड्यामुळे.

म्हणूनच भांडे लोखंडाच्या जातीचे लागते. लोहचुंबक लावून पाहावे. बुडाला चिकटला तर चालेल. आईने दिलेले पितळी पातेले आणि बाजारचे जर्मनचे, दोन्ही बाद. बूडही सपाट हवे. भात, वरण, दूध, चहा ह्यांना ही शेगडी उत्तम. खोलीत धग नाही, बटणावर वेळ लावून बाई दुसऱ्या कामाला मोकळी. भाकरी बिडाच्या सपाट तव्यावर होते, पण कडा कच्च्या राहू पाहतात, आणि जाळावर टाकून फुगवायची सोय नाही. वांग्याचे भरीतही तिच्यावर भाजता येत नाही.

दोन हजार वॅटची शेगडी पूर्ण जोरात तासभर चालली तर दोन युनिट जळतात. तिला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो; दिव्यापंख्याच्या सहा अँपिअरच्या प्लगावर ती लावणे म्हणजे आग मागवणे. जाड तार आणि सोळा अँपिअरचा प्लग हवा. आता पाहा, ही उचलून नेण्याजोगी शेगडी खरी कोणाच्या कामाची? आज येथे तर उद्या तेथे बिऱ्हाड हलवणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या. पण त्याची खोली पोटभाड्याची, मीटर मालकाच्या नावावर, तार जुनी; आणि शेगडी दिसली की मालक भाड्यावर वेगळे पैसे चढवतो. आम्ही अशा वस्तीत सभा घेतो तेव्हा पुरुष पगाराचे विचारतात. बाया विचारतात, स्वतंत्र मीटर कधी मिळेल?