पुलावरची दोन वर्षे

सॅक्सोफोन हे वाद्य आपल्याला तसे परके नाही. लग्नाच्या बँडमध्ये ते दिसते. १९६९च्या ‘आराधना’तले ‘रूप तेरा मस्ताना’ आठवा. त्यातला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आमच्या नागपूरच्या पानठेल्यांवर वर्षानुवर्षे वाजत आला आहे. पण हे वाद्य ज्या जॅझ संगीतात मोठे झाले, त्याच्याशी आपली ओळख जुजबीच. त्या संगीतातल्या सनी रोलिन्स या वादकाबद्दल आज बोलायचे आहे. त्यांच्या वाजवण्याइतकेच न वाजवण्याबद्दलही.

रोलिन्स यांचा जन्म १९३०चा, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला. तरुणपणी ते हेरॉइनच्या आहारी गेले, तुरुंगवासही घडला. उपचार घेऊन त्यातून बाहेर पडले आणि १९५६ साली त्यांची ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली. कोलोसस म्हणजे महाकाय पुतळा. समीक्षकांनी त्यांना खरोखरच तशा चबुतऱ्यावर नेऊन बसवले. आणि १९५९च्या उन्हाळ्यात, वयाची तिशीही गाठलेली नसताना, या माणसाने कार्यक्रम घेणेच बंद केले. आपले नाव आपल्या वादनापेक्षा मोठे झाले आहे, हे त्यांना सहन होईना.

घर दाटीच्या वस्तीत. शेजारी एक गरोदर बाई राहत असे. तिला त्रास नको म्हणून वाजवायला जागा शोधता शोधता ते विल्यम्सबर्ग पुलावर पोचले. मॅनहॅटन आणि ब्रुकलिन यांना जोडणारा हा पूल. पायी जाणाऱ्यांच्या वाटेशेजारून आगगाड्या आणि मोटारी धडधडत जात, खाली नदीत बोटींचे भोंगे. त्या गदारोळात स्वतःचा सूर ऐकू यायचा तर श्वास पार तळातून ओढून आणावा लागे. कधी कधी दिवसाला पंधरा-सोळा तास, उन्हाळा नाही की हिवाळा नाही, असे दोन वर्षे चालले.

आपल्याकडे याला शब्द आहे, चिल्ला. सूफी साधकांचा चाळीस दिवसांचा एकांतवास. आपल्या उस्तादांनी तो शब्द रियाजासाठी घेतला. दार लावायचे आणि चाळीस दिवस सुरांशिवाय दुसरे काही जवळ येऊ द्यायचे नाही. मात्र चिल्ल्याला बसलेल्या माणसासाठी बाहेरचे जग थांबून राहत नाही. त्याच १९५९मध्ये माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ निघाली. जॉन कोल्ट्रेन ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित करत होते. ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कमध्ये येऊन जॅझचे व्याकरणच उलटेपालटे करू लागले. इकडे रोलिन्स पुलावर. मागे पडण्याची एवढी मोठी जोखीम घेऊन त्यांनी हे मौन स्वीकारले होते.

१९६१ साली ‘मेट्रोनोम’ मासिकात पुलावर एकटा वाजवणाऱ्या वादकाची हकिगत छापून आली. लिहिणाऱ्याने सभ्यपणा दाखवून वादकाचे नाव बदलले, पूलही बदलला. तरी जाणकारांनी ओळखायचे ते ओळखलेच. त्याच वर्षाच्या अखेरीस रोलिन्स परतले. १९६२ साली तबकडी आली, नाव ‘द ब्रिज’. पियानोऐवजी जिम हॉल यांची गिटार.

लोकांना चमत्कार हवा होता. दोन वर्षे गायब झालेला माणूस काहीतरी अघटित घेऊन येईल अशी अपेक्षा होती. तबकडीत मात्र जुनी, ओळखीची गाणी आणि मोजक्या नव्या रचना. काही समीक्षकांना प्रश्न पडला, एवढ्यासाठी का दोन वर्षे? मी कविता लिहितो. दोन संग्रहांच्या मधल्या काळात रस्त्यात भेटणारा विचारतो, ‘काय भाऊ, लिहिणं सोडलं का?’ आणि संग्रह निघाला की तोच म्हणतो, ‘यात नवीन काय?’ म्हणून मला ही तबकडी जवळची वाटते. रोलिन्स जगाला काही नवे आणून द्यायला गेलेच नव्हते. आपल्याच सुराखाली पाया घालायला गेले होते. पाया वरून दिसत नाही. पुढची पन्नास वर्षे त्याच पायावर उभी राहिली. २०१५ साली ‘ग्रॅमी हॉल ऑफ फेम’मध्ये या तबकडीचा समावेश झाला.

त्यांच्या दुसऱ्या मौनाचा धागा तर महाराष्ट्रापर्यंत येतो. १९६६ नंतर सहा वर्षे रोलिन्स यांनी नवी तबकडी केली नाही. साठचे दशक सरत असताना ते मुंबईत आले आणि पवईच्या एका आश्रमात काही महिने राहिले. योग आणि वेदान्त शिकायचा होता. पण ध्यानाला बसले की मन ठरेना. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की वाद्य वाजवणे हेच तुमचे ध्यान. ही गोष्ट त्यांनी पुढे मुलाखतींमधून सांगितली आहे. १९७२ साली त्यांची पुनरागमनाची तबकडी आली, तिचे नाव इतके साधे की हसू यावे, ‘नेक्स्ट अल्बम’. म्हणजे पुढची तबकडी, बस्स. १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, तेव्हा ते तिथे वाजवायला आले. २०१४ साली निघालेल्या त्यांच्या एका तबकडीत ‘पतंजली’ नावाची रचना आहे.

त्याच सुमारास फुफ्फुसांच्या आजाराने वाद्य कायमचे हातातून सुटले. हे तिसरे मौन त्यांनी मागितलेले नव्हते. पहिल्या दोन मौनांत परतायची वाट होती, या वेळी नव्हती. पण त्यानंतरच्या मुलाखतींमधून ते योग, वाचन आणि माणूस म्हणून सुधारत राहणे यांविषयी बोलत राहिले. सूर बंद झाला, रियाज चालू राहिला.