सामायिक फोल्डर

सामायिक फोल्डर म्हणजे एका संगणकावर किंवा सर्व्हरवर ठेवलेला आणि नेटवर्कद्वारे इतर संगणकांवरून उघडता येणारा फोल्डर होय. कार्यालयातील माहिती एका जागी राहावी व एकाच फाईलच्या परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक प्रती तयार होऊ नयेत, हा त्याचा उद्देश असतो. असा फोल्डर कोणी पाहावा, कोणी बदलावा आणि कोणाला तो दिसूही नये, हे ठरविण्याच्या व्यवस्थेस प्रवेश-व्यवस्थापन म्हणतात.

== इतिहास ==
नेटवर्कवरून फाईल वाटून घेण्यासाठीचा एसएमबी हा नियमसंच १९८३ मध्ये आयबीएम येथे बॅरी फायगनबॉम यांनी तयार केला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो विंडोजमध्ये वापरला. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये युनिक्स संगणकांसाठी एनएफएस आणला. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या सांबा या मुक्त प्रणालीमुळे लिनक्स सर्व्हरवरील फोल्डर विंडोज संगणकांवरूनही वापरता येऊ लागले.

== खाती आणि गट ==
लहान कार्यालयांत बहुधा ‘वर्कग्रुप’ पद्धत असते. तीत प्रत्येक संगणकावर वापरकर्त्यांची स्वतंत्र यादी असते. त्यामुळे एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड बदलला, तर तो अनेक ठिकाणी बदलावा लागतो. शिवाय विंडोज १० सारख्या वैयक्तिक आवृत्तीवर ठेवलेल्या फोल्डरला एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्यांची मर्यादा आहे. ‘डोमेन’ पद्धतीत खात्यांची यादी मध्यवर्ती सर्व्हरवर असते. विंडोज २००० पासून हे काम ॲक्टिव्ह डिरेक्टरी करते.

परवानगी व्यक्तीला न देता गटाला द्यावी, हा या व्यवस्थेतील मूलभूत संकेत आहे. उदाहरणार्थ, पुण्यातील एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात ‘लेखापरीक्षण’, ‘वेतन’ आणि ‘प्रशिक्षणार्थी’ असे गट करता येतात. प्रशिक्षणार्थ्याचे खाते ठरावीक अशिलांच्या फोल्डरशी जोडलेल्या गटात राहते, तर वेतनाचा फोल्डर त्याच्यासाठी बंद असतो. त्याचा कालावधी संपल्यावर खाते बंद केले की सर्व ठिकाणचा प्रवेश एकदमच थांबतो. परवानग्या व्यक्तिशः दिलेल्या असल्यास प्रत्येक फोल्डर तपासावा लागतो आणि एखादा हमखास विसरला जातो.

== परवानग्यांचे दोन स्तर ==
विंडोजमध्ये सामायिक फोल्डरवर दोन प्रकारच्या परवानग्या लागू होतात.

* शेअर परवानग्या: वाचन, बदल व पूर्ण नियंत्रण. या केवळ नेटवर्कवरून येणाऱ्या वापरकर्त्यास लागू होतात. त्याच संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीस त्या अडवत नाहीत.
* एनटीएफएस परवानग्या: या डिस्कवरील फोल्डर व फाईलवर असतात आणि वापरकर्ता कोठूनही आला तरी लागू होतात.

नेटवर्कवरून फाईल उघडताना दोहोंपैकी अधिक कडक परवानगी प्रभावी ठरते. एनटीएफएसवर ‘पूर्ण नियंत्रण’ असूनही शेअरवर केवळ ‘वाचन’ असेल, तर फाईल उघडते, पण जतन करता येत नाही. एखादी व्यक्ती अनेक गटांत असल्यास तिच्या परवानग्यांची बेरीज होते. मात्र त्याच फोल्डरवर स्पष्टपणे नोंदविलेला नकार परवानगीवर मात करतो. वापरकर्त्यास नव्या गटात घातल्यानंतर त्याने बाहेर पडून पुन्हा लॉग-इन केल्याशिवाय बदल सहसा लागू होत नाही.

== धोके ==
कामापुरती परवानगी मागितली जाते, पण काम संपल्यावर ती काढून घेण्याची मागणी कोणीच करीत नाही. त्यामुळे कालांतराने जुन्या कर्मचाऱ्यांकडे गरजेपेक्षा अधिक प्रवेश साचतो. रॅन्समवेअर हा खंडणीसाठी फाईल कुलूपबंद करणारा घातक प्रोग्रॅम आहे. तो ज्याच्या खात्यातून शिरतो, त्या व्यक्तीला जेथे लेखनाची परवानगी असते, तेथपर्यंतच्या फाईल तो निकामी करू शकतो.

मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ला एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतील दोषाद्वारे पसरला. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्याने त्या दोषासोबत संगणकातून चोरलेले प्रशासकीय पासवर्डही वापरले. म्हणून दुरुस्ती केलेले संगणकही त्यातून सुटले नाहीत. या हल्ल्यामुळे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे संगणकीय कामकाज ठप्प झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यालगतच्या पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला.

== कायदेशीर बाजू ==
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणे किंवा त्यातील माहिती काढून घेणे नुकसानभरपाईस पात्र ठरते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळविणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक आहे.

== चांगल्या पद्धती ==
* प्रत्येकास स्वतंत्र खाते द्यावे. एकच पासवर्ड सर्वांनी वापरल्यास बदल कोणी केला हे कळत नाही.
* कामास आवश्यक तेवढीच परवानगी द्यावी.
* दैनंदिन कामासाठी प्रशासक खाते वापरू नये.
* गटांची यादी ठरावीक काळाने विभागप्रमुखांकडून तपासून घ्यावी. कोणाला कशाची गरज आहे, हे संगणक विभागापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असते.
* माहितीची एक प्रत नेटवर्कपासून वेगळी ठेवावी.