घरी पाठवू की ऑफिसवर?

पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये मी सात महिने फोनवरून क्रेडिट कार्डं विकली. पहिल्याच दिवशी हातात स्पायरल बाइंडिंगचं एक पुस्तक पडलं. आठवड्याभरात पाठ करायचं, मग टीम लीडर ग्राहक बनून परीक्षा घेणार. पुस्तकाचे चार भाग होते. शेवटचा सगळ्यात छोटा, आणि परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क त्यालाच. त्यात बजावलेलं होतं की "कार्ड हवंय का?" असं कधीही विचारायचं नाही. विचारायचं, "कार्ड घरी पाठवू की ऑफिसवर?"

हे डोकं कुणाचं असेल, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. नोकरी सोडल्यावर पडला, आणि शोधत शोधत मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरात जाऊन पोचलो. साल १८८७.

गोष्ट त्याच्या थोडी आधी सुरू होते. डेटनमध्ये जेम्स रिटी नावाच्या माणसाचा दारूचा गुत्ता होता. गिऱ्हाइकांचे पैसे गल्ल्याऐवजी नोकरांच्या खिशात जायचे. युरोपला जाताना जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र त्याने पाहिलं आणि त्यावरून भावाच्या मदतीने पैसे मोजणारं यंत्र बनवलं. १८७९ मध्ये पेटंट मिळालं. हेच पहिलं कॅश रजिस्टर. धंदा मात्र त्याला जमला नाही. १८८४ मध्ये जॉन पॅटरसन या कोळशाच्या व्यापाऱ्याने ती कंपनी घेतली आणि तिचं नाव 'नॅशनल कॅश रजिस्टर' ठेवलं. असं सांगतात की सौदा झाल्यावर गावात त्याची इतकी टिंगल झाली, की दुसऱ्या दिवशी तो पदरचे २,००० डॉलर देऊन सौदा मोडायला निघाला होता. विकणाऱ्याने नकार दिला.

टिंगल का व्हावी? कारण हे यंत्र कुणालाच नको होतं. मालकाला वाटे, आमचा लाकडी गल्ला काय वाईट आहे? नोकराला तर तो आपल्यावर चोरीचा आळच वाटे. कंपनीची जाहिरातपत्रकं नोकर मालकापर्यंत पोचूच देत नसत, म्हणून कंपनी ती साध्या, नाव नसलेल्या पाकिटातून धाडू लागली. लोक साखर, कापड, खिळे मागून घेत. इथे आधी गरज दाखवून द्यावी लागायची, मगच माल.

पॅटरसनचा मेहुणा जोसेफ क्रेन हे काम सगळ्यांत चांगलं करायचा. त्याच्या लक्षात आलं होतं की सौदा फिसकटतो तेव्हा आपण बहुतेक वेळा काहीतरी सांगायला विसरलेलो असतो. म्हणून त्याने आपलं बोलणं ठरवून टाकलं होतं, रोज तेच, त्याच क्रमाने. पॅटरसनने ते त्याच्याकडून लिहून घेतलं, छापलं आणि हुकूम काढला की प्रत्येक विक्रेत्याने हे शब्दशः पाठ करायचं. या पुस्तिकेला सगळे 'प्रायमर' म्हणत, म्हणजे आपल्या अंकलिपीसारखं. विक्रीचं पाठांतर करून घेणाऱ्या सगळ्यात जुन्या पुस्तकांपैकी हे एक.

त्यातही चार पायऱ्या होत्या: ओळख, प्रस्ताव, प्रात्यक्षिक आणि शेवट. ओळखीत यंत्राचं नावच काढायचं नाही, दुकानाबद्दल बोलायचं. मग मालकाला हॉटेलातल्या खोलीत न्यायचं. तिथे दुकानासारखा काउंटर मांडलेला, वर यंत्र. मजकुरात जागोजागी चांदण्या छापलेल्या, म्हणजे इथे यंत्राच्या अमुक भागाकडे बोट दाखवायचं. आणि शेवटी 'घेणार का' असं न विचारता कोणत्या रंगाचं हवं ते विचारायचं, पेन पुढे करायचं आणि सहीची जागा दाखवायची.

हे वाचलं तेव्हा माझ्या मानेवर काटा आला. रंगाच्या जागी पत्ता आला होता, बाकी सगळं तेच.

जुन्या विक्रेत्यांनी कुरकुर केली. आम्ही काय पोपट आहोत? त्यांचं म्हणणं मला चूक वाटत नाही. जे यंत्र ते विकत होते, ते नोकराच्या हातावर नजर ठेवत होतं. आता पुस्तिका त्यांच्या जिभेवर नजर ठेवू लागली. पण आकडे पॅटरसनच्या बाजूने होते. १८९० च्या दशकात त्याने विक्रेत्यांसाठी शाळाच काढली. प्रत्येकाला स्वतःचा इलाखा आणि ठरलेलं टार्गेट. आपल्याकडच्या प्रत्येक सेल्स ऑफिसात महिनाअखेरीला जो घाम फुटतो, त्याची एक मुळी डेटनच्या त्या शाळेत आहे.

त्याच्या तालमीत थॉमस वॉटसनही तयार झाला. १९१४ मध्ये पॅटरसनने त्याला काढून टाकलं. वॉटसन ज्या कंपनीत गेला, तिचं नाव १९२४ मध्ये आयबीएम झालं. टार्गेटचा धडा तो सोबत घेऊन गेला होता. आणखीही एक धडा होता. प्रतिस्पर्ध्यांना बुडवण्यासाठी वॉटसनने जुन्या यंत्रांची एक बेनामी कंपनी चालवली होती. फेब्रुवारी १९१३ मध्ये या आणि अशा प्रकारांसाठी पॅटरसन, वॉटसन आणि इतरांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. पुढच्याच महिन्यात डेटनला महापूर आला, पॅटरसनने कारखान्यात होड्या बांधवून लोकांना वाचवलं आणि तो हिरो ठरला. १९१५ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. तुरुंगात कुणीच गेलं नाही.

प्रायमर वाईट होतं असं मी म्हणणार नाही. दुकानदारांना रजिस्टरचा खरंच उपयोग झाला, आणि मलाही त्या स्पायरल पुस्तकाने अनोळखी माणसाशी बोलायला शिकवलं. पण पहिल्या तीन पायऱ्या माणसाला काहीतरी सांगतात. चौथी त्याचं 'नाही' गिळून टाकते.

सोलापूरचे एक निवृत्त शिक्षक होते. मी विचारलं, घरी पाठवू की ऑफिसवर? चार महिन्यांनी वार्षिक फीचं बिल गेल्यावर त्यांचा तक्रारीचा फोन आला. "अहो, मी कार्ड मागितलं कुठं होतं?" चौकशी झाली. क्वालिटीवाल्यांनी माझं जुनं रेकॉर्डिंग मला समोर बसवून ऐकवलं. माझा प्रश्न, मग मोठी शांतता. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी. मग ते म्हणतात, "ऑफिस आता कुठलं... बरं, घरीच पाठवा."

मी नियमाबाहेरचा एकही शब्द बोललो नव्हतो. तक्रार निकालात काढली गेली, आणि त्या कॉलच्या मार्कांच्या कागदावर 'क्लोजिंग'पुढे लिहिलं होतं, दहापैकी दहा.