एकच शीव, दोन रेघा

दोन गावांमधली शीव एकच असते, कागदावर मात्र ती दोनदा काढली जाते. तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटसारख्या गावाचा नकाशा संगणकावर शेजारच्या गावाच्या नकाशाला लावायला घेतला की हा घोळ उघडा पडू शकतो. कुठे दोन रेघांच्या मध्ये कोणत्याच गावात न धरलेली चिंचोळी पट्टी उरते, तर कुठे एकच पट्टी दोन्ही गावांत मोजली जाते. क्यूजीआयएससारख्या संगणकीय नकाशा-प्रणालीत ‘स्नॅप’ करून अशा रेघा क्षणात चिकटवता येतात. त्यामुळे दोष तांत्रिक आणि इलाजही तांत्रिकच, असा समज होतो. मला तो पटत नाही. ही फट कारभाराच्या इतिहासाने पाडली आहे आणि ती बुजवणे म्हणजे जमिनीचा निवाडा करणे आहे.

मोजणी येण्यापूर्वी शीव लोकांच्या आठवणीत आणि दगड, ओढे, झाडे यांच्या खुणांत होती. तंटा झाला की दोन्ही गावचे पाटील आणि जाणती माणसे जमत, वतनी महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, प्रसंगी शपथ घालून हद्द चालवली जाई. या रीतीत दडपण होते, खोटी साक्षही असेल. पण निर्णय दोन्ही बाजूंसमोर आणि एकदाच होई. इंग्रजी मोजणीने ते बदलले. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरात १८३० च्या दशकात घडवलेल्या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्के केले. ३३ फुटी साखळीने शेत मोजायचे, साखळीचे १६ आणे धरायचे, एक साखळी लांब-रुंद चौरस म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. शेतांच्या टिपणांवरून गावाचा नकाशा उभा राही. सारा शेताशेतावर बसत असला तरी हिशेबाचे एकक गाव होते. शेजारच्या गावाचा नकाशा हे निराळे काम, निराळ्या मोजणीदाराचे.

जळकोटच्या परिसरात तर कारभारच बदलत राहिला. १८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा निजामाकडून इंग्रजांकडे आला, मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने तिथला कारभार पाहिला, आणि १८६० मध्ये तो निजामाला परत गेला. पश्चिमेला सोलापूर मुंबई इलाख्यात, दक्षिणेला अक्कलकोट संस्थान. निजामाच्या मुलखात पुढे मुंबईच्याच धर्तीवर मोजणी आली, तरी दप्तर हैदराबादचे राहिले. एकमेकांच्या मुलखात अडकलेली गावे जानेवारी १९५० च्या आदेशाने भोवतालच्या मुलखातच सामील झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. दप्तरे एका छताखाली आली, पण नकाशावरच्या रेघा त्यामुळे आपोआप जुळल्या नाहीत.

प्रत्येक गाव वेगळे काढण्याची हीच सवय संगणकाने पुढे चालवली. शेपफाइल या प्रचलित रचनेत प्रत्येक गाव स्वतंत्र बंद आकृती असते, म्हणजे सामाईक शीव दोनदा साठवली जाते. यापेक्षा वेगळा मार्ग ठाऊक नव्हता असेही नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस रेघ एकदाच नोंदवून तिच्या डावीकडे काय आणि उजवीकडे काय हे लिहिण्याची पद्धत आणली होती. आपल्या कायद्यातही हा विचार आहे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत आणि १९६६ च्या महाराष्ट्राच्या संहितेत, शेजारच्या गावांचे संबंधित लोक एखाद्या रेघेवर राजी असतील तर तसा लेखी करार घ्यावा आणि तीच शीव धरावी, नाहीतर अधिकाऱ्याने चौकशी करून ती ठरवावी, अशी तरतूद आहे.

यावर कोणी म्हणेल की फरक चार-दोन मीटरचा, त्याचा एवढा बाऊ कशाला? हिशेब करून पाहावा. १:८००० प्रमाणाच्या कागदावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर ४ मीटर रुंद होते. एक किलोमीटर लांबीच्या शिवेवर ती पट्टी जवळपास ४० गुंठे भरते, म्हणजे एक एकर. कोरडवाहू मुलखात धुऱ्यावरच्या दोन हातांसाठी कोर्टकचेऱ्या होतात, तिथे एक एकर क्षुल्लक नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उपग्रहाच्या साहाय्याने नव्याने मोजा, जुन्या रेघांचे ओझे कशाला? नवी मोजणी हवीच. पण यंत्र दगड कुठे आहे ते सांगते, तो तिथेच असायला हवा होता का, हे सांगत नाही. त्यासाठी टिपण, खासरा, वहिवाट आणि दोन्ही गावांची माणसे लागतात. सगळ्या शिवांची अशी चौकशी करायला मनुष्यबळ नाही, हेही खरे. म्हणून किरकोळ फट यंत्राने जुळवायला हरकत नाही. मात्र किती अंतरापर्यंत जुळवली, कोणती रेघ प्रमाण धरली आणि का, याची नोंद त्या रेघेला जोडलेली हवी. नोंद न ठेवता केलेली जुळवाजुळव कुणाची तरी जमीन विनाचौकशी सरकवते, आणि पुढे तंटा उभा राहिला तर तपासायला कागदही उरत नाही.