जोड कोणी लावली?

कुस्तीच्या मैदानात एखादी लढत पापणी लवायच्या आत निकाली निघाली, की जाणता प्रेक्षक जिंकलेल्या पैलवानाकडे फार वेळ बघत नाही. तो कडेला बसलेल्या यात्रा कमिटीकडे मान वळवतो आणि शेजाऱ्याला विचारतो, ‘ही जोड लावली कोणी?’ अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या ‘बोल’ सामन्यांच्या अभ्यासात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला शिदोरी म्हणून एवढा एक प्रश्न पुरतो. प्रस्तुत ग्रंथ एकतर्फी सामन्यांविषयी आहे. त्यातले आकडे बघून हसू येते. पण या क्षेत्रात शिरण्याची सर्वांत सोपी वाट त्या आकड्यांतूनच जाते.

नव्या वाचकासाठी थोडी ओळख. हा फुटबॉल लांबट चेंडू हातात धरून पळण्याचा, फेकण्याचा आणि समोरच्याला अंगावर जाऊन पाडण्याचा खेळ आहे. शंभर यार्ड लांबीच्या मैदानाचे प्रतिस्पर्ध्याकडचे टोक चेंडूसह ओलांडले, की टचडाउन; त्याचे आज सहा गुण मिळतात. ‘बोल’ म्हणजे वाडगा. येल विद्यापीठाने १९१४ मध्ये वाडग्याच्या आकाराचे स्टेडियम बांधले आणि त्याला ‘येल बोल’ म्हटले. त्यावरून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या स्टेडियमला ‘रोझ बोल’ हे नाव पडले. ते स्टेडियमवरून सामन्याला लागले, आणि मग हंगाम संपल्यावर निमंत्रणाने होणाऱ्या अशा सगळ्याच सामन्यांना ‘बोल’ म्हणू लागले. १९३० च्या दशकात मायामीने ऑरेंज बोल, न्यू ऑर्लिन्सने शुगर बोल आणि डॅलसने कॉटन बोल सुरू केला. संत्री, साखर, कापूस ही त्या त्या मुलखाची पिके. ऐन हिवाळ्यात उबदार शहराने पाहुणे बोलवावेत, हॉटेले भरावीत, आपल्या पिकाचे नाव मिरवावे, असा हा जत्रेचा मामला. खेळ आहेच, पण तो जत्रेतल्या कुस्त्यांसारखा; मैदान भरवणाऱ्याचा हेतू वेगळा असतो.

या बोल सामन्यांची सुरुवातच एकतर्फी झाली. १ जानेवारी १९०२ रोजी पॅसाडेनाच्या गुलाबोत्सवात मिशिगन आणि स्टॅनफर्ड ही विद्यापीठे समोरासमोर आली. मिशिगन त्या हंगामात ५०१ गुण करून आणि एकही गुण न देता तिथे पोहोचले होते. त्यांचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट १९०० च्या हंगामात स्टॅनफर्डलाच शिकवत होते. टचडाउनला तेव्हा पाच गुण होते. नील स्नो या एकट्या गड्याने पाच टचडाउन केले. मिशिगनने सगळा सामना त्याच अकरा जणांवर काढला. आठ मिनिटे बाकी असताना स्टॅनफर्डचा कर्णधार राल्फ फिशर पुढे आला आणि त्याने खेळ थांबवायची तयारी दाखवली. ४९–० वर सामना संपला. पुढच्या वर्षी उत्सवात पोलो आला, मग रथांच्या शर्यती आल्या. फुटबॉल परतला तो थेट १९१६ मध्ये. त्या ४९ गुणांनीच फुटबॉलला उत्सवातून घालवले, असे सर्रास सांगतात. पण त्या दिवशी सुमारे आठ हजार माणसे लोटली होती आणि मैदान एवढ्या गर्दीसाठी बांधलेले नव्हते, हेही विसरू नये. प्रचलित कथेच्या शेजारी असा दुसरा पुरावा मांडून बघणे, ही या क्षेत्रातली पहिली सवय.

दुसरी सवय सारखे दिसणारे आकडे वेगळे करण्याची. त्यासाठी एकाच वर्षातले दोन सामने घ्यावेत. ९ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात जॉर्जियाने टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाला ६५–७ असे हरवले. हरलेला संघ आदल्या हंगामात निम्म्याहून अधिक सामने गमावून बसला होता. या हंगामात मात्र उपांत्य फेरीत मिशिगनला ५१–४५ ने नमवून आला होता. जोड मैदानात जिंकून लागली होती, वशिल्याने नव्हे. तरीही मध्यंतराला गुणफलक ३८–७ होता. इथे खोली दिसते ती संघाच्या बाकावरची: वर्षानुवर्षे देशभरातून निवडून आणलेली मुले, आणि त्या निवडीमागचा पैसा.

त्याच वर्षी ३० डिसेंबरला ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३–३ ने धुतले. साठ गुणांचा हा फरक बोल सामन्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा ठरला. मात्र फ्लोरिडा स्टेट हा तेरापैकी तेरा सामने जिंकलेला संघ होता! त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा सूत्रधार, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला आणि निवड समितीने त्यांना अजिंक्यपदाच्या चार संघांतून वगळले. मग वीसहून अधिक खेळाडू ऑरेंज बोलला उतरलेच नाहीत. कोणी व्यावसायिक निवडीसाठी अंग राखले, कोणी दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरली. ही रीत २०१६ च्या हंगामात लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या खेळाडूंनी आपापले बोल सामने सोडले तेव्हापासून रुळली. आदल्या हंगामातच फिएस्टा बोलमध्ये जेलन स्मिथचा गुडघा निकामी होऊन त्याचे व्यावसायिक मोल कोसळलेले सगळ्यांनी पाहिले होते. ऑरेंज बोलच्या मैदानात त्या ३० डिसेंबरला जर्सी फ्लोरिडा स्टेटची होती. तेरा सामने जिंकणारा संघ मात्र घरी होता.

म्हणून या ग्रंथाच्या वाचकाला एकच विनंती. गुणफलक हा पुराव्याचा शेवटचा कागद समजावा. त्याआधी निमंत्रण कोणी दिले, तिकिटे आणि प्रक्षेपणाचे हक्क कोणी विकले, खेळाडूंच्या यादीत कोणाची नावे गळली, हे कागद चाळावेत. अटीतटीच्या सामन्यात हे सगळे थराराखाली झाकले जाते. एकतर्फी सामन्यात दुसऱ्या सत्रात बघण्यासारखे काही उरत नाही, आणि नजर आपोआप मांडवाच्या खांबांकडे वळते.

फिशरने १९०२ मध्ये आठ मिनिटे आधी सामना सोडला. एकशे एकवीस वर्षांनी फ्लोरिडा स्टेटच्या पोरांनी तो सुरू होण्यापूर्वीच सोडला. दोघांना पळपुटे म्हणणे सोपे आहे. हा ग्रंथ त्यांचे सोडणे म्हणजे जोड लावणाऱ्यांना दिलेले उत्तर समजून वाचतो. आत या, आखाड्याच्या कडेला भरपूर जागा आहे.