सविनय आणि नाफरमानी

सविनय कायदेभंगाला उर्दूत 'सिव्हिल नाफरमानी' म्हणतात. नववीच्या वर्गात हा धडा आला की मला दोन्ही शब्द फळ्यावर लिहावे लागतात. 'सिव्हिल' म्हटले की आमच्याकडे लोकांना जिल्ह्याचे सरकारी हॉस्पिटल आठवते, आणि नाफरमान म्हणजे घरातला बिघडलेला, आईबापांचे न ऐकणारा मुलगा. मराठी शब्दात विनय आधी येतो आणि भंग नंतर. मुले विचारतात, सर, कायदा मोडणे तर गुन्हाच ना? प्रश्न बरोबर आहे. मोठी माणसेही तोच विचारतात, फक्त आवाज चढवून.

आमच्या भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या अमलात, 1700 च्या सुमारास, राजा खान पठाण या सुभेदाराने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळात त्याचा तुरुंग झाला. आतल्या विहिरीचे सडके पाणी पाजून कैद्यांना मारत, असे सांगतात. त्या काळी राजाचा हुकूम पटला नाही तर तलवार उपसायची, नाहीतर मान खाली घालायची. हुकूम मानणार नाही, पण हातही उचलणार नाही, काय शिक्षा द्यायची ती द्या, असे म्हणणाऱ्याचा आंबागडात उपयोग झाला नसता. डोंगरावरच्या विहिरीपाशी कोण मेले, हे खाली कुणाला कळणार? शांततेच्या विरोधाला कुणीतरी पाहणारे लागते. वर्तमानपत्र लागते, कोर्ट लागते, कायदेमंडळात प्रश्न विचारणारा लागतो.

1923 साली नागपुरात हे सगळे थोडेफार होते. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात आणि नागपूर त्याची राजधानी. राष्ट्रीय झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्स भागात मिरवणूक नेण्यास सरकारने बंदी घातली. 1 मे पासून स्वयंसेवकांच्या लहान लहान तुकड्या रोज झेंडा घेऊन निघू लागल्या आणि रोज पकडल्या जाऊ लागल्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, विनोबा गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. गुजरातपासून बिहारपर्यंतची माणसे केवळ अटक करून घ्यायला नागपूरला येत होती! 18 ऑगस्टला मिरवणूक त्याच बंदी असलेल्या रस्त्याने गेली, आणि पुढे कैदीही सुटले. लपूनछपून कुणी काही केले नाही. वेळ, रस्ता, नावे, सगळे पोलिसांना आधीच माहीत असे.

पण नागपूरचा सरकारशी झगडा परक्या सत्तेशी होता. आपल्याच माणसांशी, आपल्याच गावात विरोध करायची वेळ आली तर काय? त्यासाठी महाडकडे पाहावे लागते.

महाडची गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचतो ती 20 मार्च 1927 ची, डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले त्या दिवसाची. खरे तर त्या दिवशी त्यांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्येच बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर हक्क होता. त्या तळ्यावर मुसलमानाला पाणी मिळे, महाराला नाही. तळ्यावरून परतलेल्या लोकांवर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून हल्ला झाला. मार खाणाऱ्यांपैकी काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. जमावात पलटणीतून निवृत्त झालेले महार सैनिक होते. त्यांना उलट हात उचलणे अवघड नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, या वेळी सत्याग्रहासाठीच. मांडवाला गावात कुणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने स्वतःची जागा दिली. एवढे एक नाव आमच्या मोहल्ल्यांत घराघरांत माहीत असायला हवे होते, ते नाही. त्याच जागेवर 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले.

तळ्यावर मात्र लोक गेले नाहीत. तळे खाजगी आहे असा दावा विरोधकांनी कोर्टात केला होता आणि कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. हजारो माणसे तुरुंगात जायला तयार होऊन आली होती. हुकूम मोडायचा की मानायचा? बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलला. किती जणांचा हिरमोड झाला असेल! त्यानंतर खटला चालला तो जवळजवळ दहा वर्षे. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

उर्दूतल्या 'सब्र' या शब्दाचा अर्थ आपण फार उथळ केला आहे. सब्र म्हणजे गप्प बसणे, असे वाझमध्येही ऐकू येते. महाडची दहा वर्षे गप्प बसण्याची नव्हती. वकीलपत्र, पुरावा, तारीख, पुन्हा तारीख.

याच बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत सांगितले की घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह, असहकार आणि कायदेभंग सोडून द्यावेत. ते अराजकाचे व्याकरण आहे. मला हे भाषण पूर्ण पटत नाही, आणि त्याचे कारण मला महाडच देते. मार्ग कागदावर 1923 पासून खुला होता, तरी 1927 साली माणसे पायी चालत तळ्यावर गेली नसती तर 1937 चा निकाल मागायला कुणी उरलेच नसते. भाषणाचा दुसरा अर्धा भाग मात्र मला मान्य आहे: दार उघडे असेल तर आधी ते ठोठावले पाहिजे.

आणि पुष्कळदा आपण ज्याला कायदेभंग समजून घाबरतो तो कायदेभंग नसतोच. बिनहत्यारी, शांतपणे एकत्र जमणे हा घटनेच्या 19 व्या कलमाने दिलेला हक्क आहे. निवेदन देणे, रीतसर परवानगी घेऊन मोर्चा काढणे, कोर्टात याचिका करणे, यात नाफरमानी कुठे आली? हक्काला मर्यादाही आहेत. शाहीन बागेच्या प्रकरणात ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विरोधाचा हक्क मान्य केला, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही असेही सांगितले. त्यानंतर दोनच महिन्यांत शेतकरी दिल्लीच्या वेशीवर येऊन बसलेले होते. ते सुमारे वर्षभर बसले. नोव्हेंबर 2021 मध्ये संसदेने तिन्ही कृषी कायदे मागे घेतले.

दगड कोण फेकतो, हे मोर्च्यात नेहमी कळतेच असे नाही. फेकणारा आपल्यातला नसेलही. पण दुसऱ्या दिवशी पेपरात दगडच येतो, मागणी येत नाही. नागपूरची माणसे रोज मोजून, नावे देऊन, ठरलेल्या वेळी निघत होती ती यासाठीच. आमच्याकडे मोर्चा ठरला की आधी घोषणा ठरतात. स्वयंसेवकांची यादी, परवानगीची प्रत, वकिलाचा फोन नंबर, हे कुणाच्या खिशात असते?